बॅकग्राउंडची वही: कृष्णद्रव्याच्या भूमिगत डिटेक्टरमधले नकोसे सिग्नल कसे हाताळायचे

एम.एस्सी.ला असताना पुण्यातल्या पाषाणच्या एका प्रयोगशाळेत खिडकीपाशी दोन इंची सोडियम आयोडाइडचा स्फटिक लावून मी गॅमा किरण मोजत बसलो होतो. जूनचा दुसरा आठवडा होता. दुपारी मोजणी अचानक चढायला लागली. आधी हाय व्होल्टेज तपासलं, मग केबल हलवून पाहिल्या, मग खोलीचं तापमान. कशातच काही सापडेना. दोनेक तासांनी मोजणी आपली आपण खाली आली. संध्याकाळी सरांना आलेख दाखवला, तर त्यांनी एकच विचारलं: "पाऊस कधी सुरू झाला, ते लिहून ठेवलंयस का?"

नव्हतं लिहिलं. हवेत रेडॉन वायू असतो. त्याचे किरणोत्सारी वंशज, म्हणजे शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४, हवेतल्या धुळीला चिकटून तरंगत असतात. पहिली जोरदार सर आली की ते धुऊन जमिनीवर येतात. त्यांची अर्धायुष्यं २७ आणि २० मिनिटांची, त्यामुळे पाऊस थांबल्यावर तास-दोन तासांत सगळं शांत होतं. आलेखात ६०९ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टची (पुढे केईव्ही म्हणू) बिस्मथची रेषा स्पष्ट उभी होती. मी तिच्याकडे बघितलंच नव्हतं, कारण मी बिघाड शोधत होतो.

कृष्णद्रव्याचा, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणातून जाणवतं अशा डार्क मॅटरचा, थेट शोध घेणाऱ्या प्रत्येक प्रयोगाचं निम्म्याहून जास्त काम हेच असतं: जे दिसतंय ते नेमकं कुणाचं, हे नावानिशी सांगता येणं. आयसर, विद्यापीठाचा भौतिकशास्त्र विभाग, आयुका अशा ठिकाणांहून दरवर्षी काही मुलं-मुली या क्षेत्रात पडतात आणि पहिल्या महिन्यात त्यांच्या हातात एखादी डेटा फाइल आणि 'बॅकग्राउंड मॉडेल कर' एवढीच सूचना येते (बॅकग्राउंड म्हणजे शोधतोय तो सिग्नल सोडून डिटेक्टरला दिसणारं बाकी सगळं). त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्या क्रमानं काम करावं असं मला वाटतं, त्याच क्रमानं लिहितो.

आधी खरा सिग्नल कसा दिसेल ते मांडा

डेटाला हात लावण्याआधी एक पान यासाठी द्या. कृष्णद्रव्याच्या कणाचं वस्तुमान प्रोटॉनच्या साधारण शंभरपट धरा आणि आकाशगंगेतला त्याचा वेग सेकंदाला २२० किलोमीटर. त्याची गतिज ऊर्जा सगळी मिळून २५ ते ३० केईव्ही भरते. म्हणजे अणुकेंद्राला बसणारा धक्का काही केईव्हींपासून काही दहा केईव्हींपर्यंतचा. शेजारच्या भिंतीतल्या पोटॅशियम-४० मधून निघणारा गॅमा किरण १४६० केईव्हीचा असतो, यावरून आपण किती बारीक आवाज ऐकायला बसलोय ते कळेल.

मग त्याची लक्षणं लिहा. धक्का इलेक्ट्रॉनला नाही, अणुकेंद्राला बसतो. एकदाच बसतो, कारण इतका क्वचित धडकणारा कण एकाच डिटेक्टरमध्ये दोनदा धडकणं अशक्यच म्हणायचं. धडक डिटेक्टरच्या आकारमानात कुठेही सारख्याच शक्यतेनं होते, कडेला जास्त आणि मध्ये कमी असं होत नाही. त्या क्षणी आजूबाजूचे व्हेटो डिटेक्टर, म्हणजे बाहेरून आलेला कण ओळखून ती घटना बाद करणारे पहारेकरी, गप्प असतात. बॅकग्राउंडवर चालणारा पुढचा प्रत्येक उपाय या चारांपैकी एखाद्या लक्षणावर उभा असतो, म्हणून हे पान वहीच्या पुठ्ठ्याला आतून चिकटवून ठेवलं तरी चालेल.

वही उघडा

स्प्रेडशीट चालेल, पण मी वही म्हणतो, कारण ती रोज उघडायची असते. प्रत्येक ओळीत एक स्रोत. रकाने असे: स्रोताचं नाव, तो कुठून येतो, अर्धायुष्य, न्यूक्लिअर रिकॉइल (अणुकेंद्राला धक्का) देतो की इलेक्ट्रॉन रिकॉइल (इलेक्ट्रॉनला धक्का), टन-वर्षाला (एक टन द्रव्य वर्षभर चालवलं तर) अपेक्षित घटना किती, त्या आकड्याची अनिश्चितता किती, आणि शेवटचा रकाना, 'हा आकडा आला कुठून'. या रकान्यात तीनच उत्तरं मान्य करा: मोजला, सिम्युलेशनमधून काढला, किंवा अंदाज केला. सुरुवातीला 'अंदाज' खूप असतील. सहा महिन्यांनी ते किती उरले, त्यावरून तुमचं काम पुढे सरकलं की नाही ते समजतं.

ओळी कुठून सुरू करायच्या? बाहेरून आत या: वैश्विक किरणांतले म्युऑन, प्रयोगशाळेच्या भोवतीचा खडक, ढालीचं साहित्य, टाकी आणि फोटोमल्टिप्लायर (बारीकसा प्रकाश टिपणाऱ्या नळ्या), आतले पृष्ठभाग, खुद्द द्रवात (मोठे डिटेक्टर बहुधा द्रव झेनॉनचे किंवा आर्गॉनचे असतात) मिसळलेली अशुद्धी, इलेक्ट्रॉनिक्सचे योगायोग, आणि सगळ्यांत शेवटी न्यूट्रिनो.

खोली आणि ढाल

समुद्रसपाटीवर दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण एक म्युऑन येतो. तळहात पसरलात तर सेकंदाला एखाद-दुसरा त्यातून आरपार जातो. पुण्यात सिव्हिल कोर्टच्या मेट्रो स्थानकात ३० मीटरहून खाली उतरलात तरी ते तुमच्या सोबतीला असतात. कमी होतात, पण संपत नाहीत. म्हणून प्रयोग खाणीत आणि डोंगराखालच्या बोगद्यांत जातात. इटलीतल्या ग्रान सासोवर १४०० मीटर खडक आहे. तिथे म्युऑनांचा प्रवाह सुमारे दहा लाख पटींनी उतरतो आणि चौरस मीटरला तासाला एखादाच म्युऑन उरतो. कॅनडातली स्नोलॅब दोन किलोमीटरहून थोडी जास्त खोल आहे, चीनच्या जिनपिंगवर २४०० मीटर खडक आहे.

आपल्याकडे झारखंडमधल्या जादुगुडा खाणीत ५५५ मीटरवर भूमिगत प्रयोगशाळा आहे. पुण्याची समुद्रसपाटीपासूनची उंची ५६० मीटरच्या आसपास, म्हणजे पुण्याहून सरळ समुद्रसपाटीपर्यंत विहीर खणली तर जेवढी खोल जाईल, जवळपास तेवढी ती खाली आहे. आणि हे क्षेत्र आपल्याला नवं नाही. कोलारच्या सोन्याच्या खाणीत २.३ किलोमीटर खोलीवर १९६५ साली वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो टिपले गेले होते. त्या पिढीनं खाणीतल्या उकाड्यात बसून बॅकग्राउंडच मोजला होता. त्यातूनच न्यूट्रिनो वेगळे काढता आले.

इथे नवखी मंडळी एक चूक करतात: खोल गेलो की सगळं संपलं असं मानतात. खोलीनं फक्त आकाशातून येणारं कमी होतं. खडक स्वतःच युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम बाळगून असतो. आपल्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये ही मूलद्रव्यं ग्रॅनाइटपेक्षा बरीच कमी असतात, पण जगातल्या बहुतेक खोल खाणी बेसॉल्टमध्ये नाहीत आणि जादुगुडा तर युरेनियमचीच खाण आहे. म्हणून वहीत खडकाची ओळ खोलीच्या ओळीपासून वेगळी ठेवा. खडकातल्या थॅलियम-२०८ चा २६१५ केईव्हीचा गॅमा नैसर्गिक गॅमांमध्ये सर्वांत त्रासदायक असतो. तो अडवायला पाण्याची टाकी सगळ्यांत सोयीची, कारण दर मीटर पाण्याला असे गॅमा काही डझन पटींनी कमी होतात. ग्रान सासोतल्या झेनॉन प्रयोगांभोवती ७०० टन पाणी आहे. तेच पाणी व्हेटोचंही काम करतं: म्युऑन गेला की चेरेन्कोव्ह प्रकाश चमकतो, आणि त्या क्षणाभोवतीच्या घटना बाजूला काढता येतात.

साहित्य निवडताना बेरीज करा

एक आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. किलोभर साहित्यात युरेनियम-२३८ चं प्रमाण अब्जात एक भाग असेल, तर त्याची क्रियाशीलता सुमारे १२.४ मिलिबेक्वेरेल असते (एक बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक विघटन). थोरियमसाठी हाच आकडा ४.१. आता १०० किलोची स्टीलची फ्लँज घ्या, तिच्यात अब्जात एक भाग युरेनियम. म्हणजे १.२४ बेक्वेरेल, दिवसाला एक लाखाहून जास्त विघटनं. साखळी समतोलात असेल तर प्रत्येक युरेनियममागे आठ अल्फा आणि सहा बीटा, म्हणजे दिवसाला पंधरा लाखांच्या घरात घटना. आणि आपण शोधतोय वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या घटना.

हिशेबात 'साखळी समतोलात असेल तर' हे शब्द सोडू नका. धातू वितळवताना, रासायनिक प्रक्रिया करताना साखळी मध्येच तुटते. युरेनियम काढून टाकलं तरी रेडियम-२२६ मागे राहू शकतं, आणि उलटही. मास स्पेक्ट्रोमीटर साखळीचा वरचा भाग मोजतो, जर्मेनियमचा गॅमा डिटेक्टर खालचा. दोन्ही मोजणी हव्यात आणि वहीत त्यांच्या दोन ओळी हव्यात. एकाच मोजणीवरून अख्खी साखळी भरून टाकलेली वही मी पाहिली आहे. पुढे तिच्यातला न्यूट्रॉनांचा आकडा पूर्ण चुकला होता.

न्यूट्रॉनांची काळजी इथेच का करायची? कारण न्यूट्रॉन अणुकेंद्रालाच धडकतो आणि एकदाच धडकून बाहेर पडला, तर त्याला कृष्णद्रव्यापासून वेगळं ओळखण्याचा कोणताच मार्ग उरत नाही. अल्फा कण हलक्या अणुकेंद्रांवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात आणि फ्लोरीन त्यात फार उदार आहे. झेनॉन डिटेक्टरच्या भिंती प्रकाश परावर्तित व्हावा म्हणून टेफ्लॉनच्या करतात, आणि टेफ्लॉनमध्ये फ्लोरीन भरपूर. त्यामुळे टेफ्लॉनच्या पृष्ठभागावर बसलेला प्रत्येक अल्फा-उत्सर्जक दोनदा मोजावा लागतो: एकदा स्वतःसाठी, एकदा त्याच्यामुळे सुटणाऱ्या न्यूट्रॉनासाठी.

शिशाची गोष्ट वेगळी. ढालीसाठी ते उत्तम, पण ताज्या शिशात शिसे-२१० असतं आणि त्याचं अर्धायुष्य २२ वर्षं. जुनं शिसं म्हणून मोलाचं. ग्रान सासोच्या क्युओरे प्रयोगात (तो कृष्णद्रव्याचा नाही, दुहेरी बीटा क्षयाचा आहे) सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बुडालेल्या रोमन जहाजातलं शिसं वापरलंय. दोन हजार वर्षं म्हणजे जवळपास नव्वद अर्धायुष्यं. शिसे-२१० चा मागमूस उरत नाही.

तांब्याबाबत प्रवासाची नोंद ठेवा. जमिनीवर असताना वैश्विक किरण तांब्यात कोबाल्ट-६० तयार करतात, अर्धायुष्य ५.२७ वर्षं. विमानातून नेलं तर त्या उंचीवर हे कितीतरी वेगानं होतं. म्हणून असे भाग जहाजानं किंवा रस्त्यानं नेतात, आणि कुठे किती दिवस पडून होते ते लिहितात. झेनॉन आणि आर्गॉनलाही हे लागू आहे: झेनॉन-१२७ चं अर्धायुष्य ३६ दिवस, आर्गॉन-३७ चं ३५ दिवस. अमेरिकेतल्या एलझेड प्रयोगाच्या पहिल्या निकालात आर्गॉन-३७ हा बॅकग्राउंड मॉडेलचा एक ठळक घटक होता, आणि काळाबरोबर तो विझत गेला. असा विझणारा घटक ओळखायला सोपा असतो, फक्त घटनेची वेळ फेकून देऊ नका.

रेडॉन

या एका वायूवर मी सगळ्यांत जास्त वेळ घालवायला सांगेन. बाकीची अशुद्धी जिथे आहे तिथे राहते. रेडॉन-२२२ ला ३.८ दिवसांचं अर्धायुष्य मिळालंय आणि तो निष्क्रिय वायू आहे, त्यामुळे वेल्डिंगच्या सांध्यातून, केबलच्या आवरणातून, पंपाच्या सीलमधून सुटून तो द्रवाच्या अगदी मध्यभागी पोचतो. तिथे ढाल नाही, कडा नाही. त्याचा वंशज शिसे-२१४ कधीकधी गॅमा न सोडता नुसताच बीटा सोडतो, आणि ती घटना कमी ऊर्जेच्या टोकाला येऊन बसते. आजच्या मोठ्या झेनॉन प्रयोगांत इलेक्ट्रॉन रिकॉइलचा मुख्य स्रोत हाच आहे.

प्रमाण बघा. घरातल्या हवेत जागतिक सरासरीनं घनमीटरला ४० बेक्वेरेल रेडॉन असतो. ग्रान सासोतल्या झेनॉन-एनटी प्रयोगानं तो आपल्या द्रवात किलोला एक मायक्रोबेक्वेरेलच्याही खाली आणला. वजनाच्या हिशेबात खोलीतल्या हवेपेक्षा तीन कोटी पटींनी स्वच्छ. तरीही टनभर झेनॉनमध्ये किलोला एक मायक्रोबेक्वेरेल म्हणजे दिवसाला ८६ विघटनं!

रेडॉनची ओळख घरी करून घेता येते, आणि पहिल्या आठवड्यात ती करावीच. घरातला व्हॅक्यूम क्लीनर घ्या. नळीच्या तोंडावर पातळ सुती रुमाल किंवा फिल्टर पेपर रबरबँडनं घट्ट बसवा. खिडक्या रात्रभर बंद ठेवलेल्या तळमजल्यावरच्या खोलीत अर्धा तास चालवा. मग तो कागद साध्या गायगर काउंटरसमोर ठेवून दर पाच मिनिटांनी मोजणी लिहा. आधी कोऱ्या कागदाची मोजणी घ्यायला विसरू नका, कारण तुमच्या छोट्या प्रयोगाचं बॅकग्राउंड तेच आहे. मोजणी साधारण अर्ध्या-पाऊण तासात निम्मी होताना दिसेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही कागद थोडा जास्त बोलत असेल, तर ती थोरियमच्या साखळीतल्या शिसे-२१२ ची शेपटी. त्याचं अर्धायुष्य १०.६ तास. यात धोक्याचं काही नाही, नंतर हात धुवा म्हणजे झालं. हा वक्र स्वतःच्या हातानं कागदावर काढलेल्या मुलाला शिसे-२१४ पुन्हा समजावून सांगावं लागत नाही.

मोठ्या डिटेक्टरमध्ये रेडॉन मोजण्याची युक्ती साखळीतच आहे. बिस्मथ-२१४ बीटा सोडून पोलोनियम-२१४ होतो, आणि तो १६४ मायक्रोसेकंदांच्या अर्धायुष्यानं अल्फा सोडतो. एकाच जागी, काही शे मायक्रोसेकंदांच्या अंतरानं आधी बीटा, मग अल्फा. अशा जोड्या मोजल्या की द्रवात बिस्मथ किती हे थेट कळतं. पण त्यावरून शिसे-२१४ चा आकडा भरताना सावध राहा. वंशज विद्युतभारित असतात, ते कॅथोडकडे आणि भिंतींकडे सरकतात, त्यामुळे साखळीत खाली जाल तसं द्रवातलं प्रमाण घटतं. पोलोनियम-२१८ वरची मर्यादा देतो, पोलोनियम-२१४ खालची, शिसे-२१४ त्यांच्या मध्ये. वहीत दोन्ही टोकं लिहा.

आणि शेवटी शिसे-२१०. जोडणीच्या काळात टेफ्लॉन खोलीतल्या हवेत उघडं राहिलं, तर रेडॉनचे वंशज त्यावर बसतात आणि त्यांच्यातून झालेलं शिसे-२१० वर्षानुवर्षं तिथेच राहतं. म्हणून जोडणीच्या खोलीत रेडॉन गाळलेली हवा सोडतात आणि प्रत्येक भाग किती तास उघडा होता याची नोंद ठेवतात. त्या तासांच्या नोंदी मागून घ्या. कडेच्या घटनांचं मॉडेल करताना त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

क्रिप्टॉन-८५ आणि आर्गॉन-३९ थोडक्यात. क्रिप्टॉन-८५ अणुइंधनाच्या पुनर्प्रक्रियेतून हवेत येतो, अर्धायुष्य १०.८ वर्षं, ऊर्ध्वपातनानं किंवा कोळशावरून वायू फिरवून तो झेनॉनमधून काढता येतो. आर्गॉन-३९ रासायनिकदृष्ट्या आर्गॉनच असल्यामुळे असा काढता येत नाही, आणि हवेतल्या आर्गॉनमध्ये तो किलोला एक बेक्वेरेल असतो. उपाय म्हणून डार्कसाइड-५० या आर्गॉनच्या प्रयोगानं कोलोरॅडोतल्या कार्बन डायऑक्साइडच्या विहिरींतून जमिनीखालचा आर्गॉन आणला. त्यात आर्गॉन-३९ सुमारे १४०० पटींनी कमी निघाला.

डेटात शिरल्यावर

आता ढाल, साहित्य, शुद्धीकरण झालं. जे उरलं ते डेटात वेगळं करायचं.

झेनॉन डिटेक्टरमध्ये धडकेचा पहिला प्रकाश म्हणजे एस-१, आणि मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वर ओढून वायूत नेल्यावर होणारा दुसरा प्रकाश म्हणजे एस-२. तेवढ्याच एस-१ ला इलेक्ट्रॉन रिकॉइलमध्ये एस-२ मोठा येतो, न्यूक्लिअर रिकॉइलमध्ये लहान. हे दोन पट्टे कॅलिब्रेशननं आखून घ्या: ट्रिटियम घातलेला मिथेन किंवा रेडॉन-२२० इलेक्ट्रॉनांच्या पट्ट्यासाठी, न्यूट्रॉन जनित्र किंवा अमेरिशियम-बेरिलियम अणुकेंद्रांच्या पट्ट्यासाठी. विभागणी उत्तम असते, पण शंभर टक्के नसते. हजारातली एखादी इलेक्ट्रॉन घटना खालच्या पट्ट्यात गळते. हजार घटना असतील तर एक गळेल, हे गणित वहीत घाला. आर्गॉनला याहून चांगली सोय आहे: इलेक्ट्रॉन रिकॉइलचा प्रकाश दीड मायक्रोसेकंदाच्या शेपटीनं रेंगाळतो, अणुकेंद्राचा काही नॅनोसेकंदांत चमकून जातो. नुसत्या पल्सच्या आकारावरून कोटीत एखादीच घटना चुकते.

मग कडा कापा. द्रव झेनॉन पाण्याच्या जवळपास तिप्पट घन आहे, त्यामुळे बाहेरून आलेले गॅमा कडेच्या काही सेंटिमीटरांतच थांबतात. आतला शांत भाग तेवढा घ्या. किती आत यायचं हा आकडा डोळ्यांनी बघून ठरवू नका. कडेच्या घटनांची त्रिज्येनुसार घट आतपर्यंत वाढवून नेली तर किती उरतात, त्यावर ठरवा. दोनदा धडकलेल्या घटना टाकून द्या, पण त्या पुसू नका. दोनदा धडकलेल्या न्यूट्रॉनांवरूनच एकदा धडकलेल्यांचा अंदाज बांधता येतो.

योगायोगी घटनांकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं, म्हणून इथे आकडे घालून दाखवतो. समजा एकटे एस-१ सेकंदाला एक येतात (फोटोमल्टिप्लायरचा काळोखातला गोंगाटच पुष्कळ असतो), एकटे एस-२ तासाला सातेक, म्हणजे सेकंदाला ०.००२. इलेक्ट्रॉन वर पोचायला जास्तीत जास्त एक मिलिसेकंद लागतो. या खिडकीत दोघं निव्वळ योगायोगानं जुळण्याचा दर: १ × ०.००२ × ०.००१, म्हणजे सेकंदाला ०.०००००२. क्षुल्लक वाटतं. वर्षाच्या ३ कोटी १५ लाख सेकंदांनी गुणा: ६३ घटना! आणि लहान एस-२ वाल्या असल्यानं यातल्या बऱ्याच नेमक्या अणुकेंद्रांच्या पट्ट्यात पडतात. उपाय असा: डेटातलेच एकटे एस-१ आणि एकटे एस-२ कृत्रिमरीत्या जोडून हजारो खोट्या घटना तयार करा आणि त्यांच्यावर तुमचे कट, म्हणजे घटना ठेवायची की टाकायची हे ठरवणाऱ्या अटी, चालवून बघा. खऱ्या जोडीत इलेक्ट्रॉनांना जितकं दूर यावं लागतं तितका एस-२ पसरट होतो. योगायोगी जोडीत हा मेळ बसत नाही. मोठ्या घटनेनंतर काही काळ द्रव 'खवळलेला' असतो, सुटे इलेक्ट्रॉन झिरपत राहतात, तो काळच वगळा.

जादुगुडाच्या इंडेक्स प्रयोगासारखे अतितप्त द्रवाचे (उकळबिंदूच्या वर असूनही न उकळलेल्या द्रवाचे) डिटेक्टर वेगळ्या वाटेनं जातात. थ्रेशोल्ड, म्हणजे प्रतिसादासाठी लागणाऱ्या किमान ऊर्जेची मर्यादा, नीट बसवला तर गॅमा किरणांनी बुडबुडाच फुटत नाही. अल्फानं मात्र फुटतो, आणि अशा डिटेक्टरमध्ये तो बुडबुड्याच्या आवाजावरून ओळखतात: अल्फाचा बुडबुडा अणुकेंद्राच्या बुडबुड्यापेक्षा मोठ्यानं फुटतो.

पेटी बंद ठेवा

जिथे सिग्नल यायची शक्यता आहे तो भाग स्वतःपासून झाकून ठेवा. सगळे कट, सगळी मॉडेलं शेजारच्या भागात आणि कॅलिब्रेशनवर पक्की करा, वहीवर तारीख टाका, मगच पेटी उघडा. एलझेडनं आणखी एक पद्धत वापरली, तिला सॉल्टिंग म्हणतात: डेटात खोट्या सिग्नल घटना गुपचूप मिसळायच्या आणि विश्लेषण संपल्यावरच त्या कोणत्या ते उघड करायचं. प्रत्येक घटनेकडे 'ही मीठ असेल' या शंकेनं बघावं लागतं, त्यामुळे आवडती घटना वाचवण्यासाठी कट सैल करायचा मोह होत नाही.

पेटी उघडल्यावर घटना जास्त दिसल्या तर? आधी पॉइसनचं साधं गणित करा. अपेक्षा एकाची असताना तीन किंवा जास्त दिसण्याची शक्यता आठ टक्के असते. डिसेंबर २००९ मध्ये मिनेसोटाच्या सूदान खाणीतल्या सीडीएमएस गटानं दोन घटना जाहीर केल्या. अपेक्षित बॅकग्राउंड ०.९ होतं, दोन किंवा जास्त दिसण्याची शक्यता २३ टक्के. त्यांनी तो आकडा निकालासोबतच दिला आणि शोधाचा दावा केला नाही. मला तो निकाल आदर्श वाटतो.

२०२० मध्ये झेनॉन-१टी ला १ ते ७ केईव्हीच्या पट्टीत २३२ च्या जागी २८५ इलेक्ट्रॉन घटना दिसल्या. सौर अ‍ॅक्सिऑनपासून अनेक कल्पना पुढे आल्या. गटानं स्वतःच निबंधात लिहिलं की ट्रिटियमची अतिसूक्ष्म अशुद्धीही हे घडवू शकते आणि ती नाकारता येत नाही. २०२२ मध्ये झेनॉन-एनटीनं बॅकग्राउंड पाचपट कमी करून पाहिलं, तेव्हा जादा घटना नव्हत्या. वहीत 'ट्रिटियम: अंदाज' अशी ओळ प्रामाणिकपणे ठेवली, त्यामुळे पुढचा प्रयोग कुठे जोर लावायचा ते ठरवू शकला.

डामा प्रयोगाचा प्रश्न अवघड आहे. ग्रान सासोमध्ये सोडियम आयोडाइडच्या स्फटिकांत दोन दशकांहून जास्त काळ त्याला वार्षिक चढउतार दिसला आहे, कमाल जूनच्या सुरुवातीला, जशी कृष्णद्रव्याकडून अपेक्षा आहे. पण त्याच पदार्थाचे स्फटिक वापरून कोरियातल्या कोसाइन-१०० ला आणि स्पेनमधल्या अनाइस-११२ ला तो दिसला नाही. तुमच्या हातात असा चढउतार आला तर वहीतल्या ऋतुमानानुसार बदलणाऱ्या सगळ्या ओळी एकत्र काढा: उन्हाळ्यात वरचं वातावरण विरळ झाल्यानं वाढणारे म्युऑन, वायुवीजनाबरोबर बदलणारा रेडॉन, तापमानाबरोबर सरकणारा फोटोमल्टिप्लायरचा गेन. आणि स्फटिकातलं पोटॅशियम-४०, जे १४६० च्या गॅमाबरोबर ३.२ केईव्हीची बारीक खूण सोडतं, नेमकी डामाच्या पट्टीत. शेजारच्या स्फटिकात १४६० पकडला गेला तर ती घटना ओळखता येते, निसटला तर नाही.

जी ओळ खोडता येत नाही

न्यूट्रिनोला ढाल नाही. सूर्यातल्या बोरॉन-८ चे न्यूट्रिनो झेनॉनच्या अख्ख्या अणुकेंद्राला धक्का देतात आणि तो धक्का साधारण सहापट प्रोटॉनच्या वस्तुमानाच्या कृष्णद्रव्य कणासारखा दिसतो. २०२४ मध्ये झेनॉन-एनटी आणि चीनमधला पांडाएक्स-४टी या दोन प्रयोगांनी त्याची पहिली चिन्हं नोंदवली. इथे करायचं ते एवढंच: सौर न्यूट्रिनो प्रयोगांनी मोजलेला बोरॉन-८ चा प्रवाह त्याच्या अनिश्चिततेसकट घ्या, तुमच्या थ्रेशोल्डला किती घटना येतील ते काढा आणि फिटमध्ये तो घटक मोकळा पण त्या अनिश्चिततेनं बांधलेला ठेवा. शेवटच्या रकान्यात 'मोजला' लिहिता येणारी ही ओळ आहे, हे काही कमी नाही.

सुरुवात या पावसाळ्यातच करता येईल. एखादा जुना सोडियम आयोडाइडचा स्फटिक बहुतेक महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत कपाटात पडलेला असतो. तो मागून घ्या, खिडकीपाशी लावा, दर दहा मिनिटांचा आलेख साठवा. वहीच्या पहिल्या ओळीत तारीख, खोली, खिडकी उघडी की बंद, आणि पाऊस किती वाजता सुरू झाला ते लिहा.